घर सोडून तिने का जावे?

पाच पुरुष एका बंद खोलीत बसून एक चित्रपट पाहतात. कशासाठी? तर तो वाड्यावरच्या बायकांनी पाहावा की नाही, हे ठरवण्यासाठी! ही कुणा विनोदी लेखकाची कल्पना नव्हे. त्या पाचांतला एक मी होतो. साल २००१, गाव शिरगाव, तालुका डिचोली. चित्रपट महेश मांजरेकरांचा 'अस्तित्व'. तो आदल्या वर्षी, २००० साली, मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघाला होता, आणि मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. वाड्यावरच्या एका तरुण शिक्षिकेने त्याची व्हीसीडी आणली आणि कोजागिरीला महिला मंडळात तो दाखवू या, असे सुचवले. आमच्या नाट्यमंडळाच्या कार्यकारिणीने म्हटले, आधी आम्ही तपासतो.

तपासला. दोन तास कोणी तोंड उघडले नाही. शेवटी सर्वांत वयस्कर सभासद म्हणाले, "चांगलो आसा, पूण कुटुंबांनी पळोवपासारको न्हय." हात वर करायला सांगितले. पाच हात वर झाले. माझा तिसरा.

गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी पाडव्याला आम्ही वाड्यावर 'संशयकल्लोळ' केले होते. फाल्गुनराव मी. तिसऱ्यांदा. पोरेबाळे, सासवासुना, पाळण्यातली अर्भकेसुद्धा मांडवात होती. बायकोवर पाळत ठेवणारा, तिच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर सापडली म्हणून पिसाळलेला तो म्हातारपणाकडे झुकलेला नवरा मी रंगवत होतो, आणि अवघा गाव पोट धरून हसत होता. कुटुंबांनी पाहण्यासारखे नाही, असे तेव्हा कोणालाच वाटले नाही.

वाचकहो, या दोन्ही गोष्टींचा विषय एकच आहे. संसारात मुरलेले जोडपे आणि त्यांच्यामध्ये शिरलेला संशय. गोविंद बल्लाळ देवलांनी हे नाटक आधी १८९३ मध्ये 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' या नावाने गद्यात लिहिले, आणि १९१६ साली ते संगीत होऊन रंगभूमीवर आले. त्याचे मूळ आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराच्या १७६१ च्या नाटकात आणि त्याच्याही मागे मोलिएरच्या १६६० च्या फ्रेंच प्रहसनात. म्हणजे हा संशयी नवरा साडेतीनशे वर्षे तीन भाषा हिंडत हिंडत आमच्या मांडवात आला, आणि कोणी त्याला परका म्हटले नाही. इथे मराठी की कोंकणी यावर १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून आपण एकमेकांची डोकी फोडायची बाकी ठेवली आहे. पण त्याला मराठीत संशय म्हणा नाहीतर कोंकणीत दुबाव म्हणा, बायकोवर तो घेताना आपण सारे एकभाषिक असतो.

मग एक चालते आणि दुसरे चालत नाही, ते का? बंद खोलीतल्या आम्हा पाचांना तेव्हा हे बोलता आले नसते, पण उत्तर साधे आहे. 'संशयकल्लोळ'मध्ये संशय खोटा ठरतो. कृत्तिका निर्दोष निघते, गैरसमज फिटतात, पडदा पडतो. 'अस्तित्व'मध्ये संशय खरा ठरतो. आमचा सगळा रस त्या निकालात. ती पास झाली की हसायचे, नापास झाली की दार लावून घ्यायचे. परीक्षा घेण्याचा अधिकार परीक्षकाला दिला कोणी, हा प्रश्न दोन्ही वेळा कोणाच्याच मनात येत नाही.

देवल मात्र आपल्याहून शहाणे होते, हे इथेच सांगून टाकतो. त्यांची कृत्तिकाही नवऱ्यावर संशय घेते, त्याच्याइतकाच आणि त्याच्याइतक्याच तोऱ्यात. दोघांना समान वेड दिले आहे, म्हणून ते विनोदी आहे. पुढच्या काळात आपण ही समानता मोडली. बायकोने संशय घेतला तर तिचा स्वभावच तसा. नवऱ्याने घेतला तर ती शोकांतिका.

'अस्तित्व' ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुण्यातले सुखवस्तू जोडपे, श्रीकांत आणि अदिती पंडित. सचिन खेडेकर आणि तब्बू. मुलगा लग्नाचा झालेला. एक दिवस कागद येतात, की मल्हार कामत नावाचा गाण्याचा मास्तर वारला आणि त्याने आपली सारी इस्टेट अदितीच्या नावे केली. सारी इस्टेट? हिला? का? श्रीकांत हिशेबी माणूस, वर्षानुवर्षे रोजनिशी लिहिणारा. तो जुन्या रोजनिश्या काढतो, आपण फिरतीवर कधी होतो त्या तारखा पाहतो, मुलाच्या जन्माशी ताडतो आणि निष्कर्षाला पोचतो. मग घरच्या माणसांना जमवून त्यांच्यासमोर तिची चौकशी मांडतो. त्यावेळी तिने सांगायचा प्रयत्न केला होता, पण मूल होणार या आनंदात त्याने ऐकूनच घेतले नव्हते, हे आपल्याला कळते. फिरतीवर त्याने स्वतः काय केले तेही निघते. पण त्याची रोजनिशी कोणी ताडत नाही. मुलगा बापाच्या बाजूला जातो. अदिती बोलायचे ते बोलते आणि घर सोडते. मुलाची वाग्दत्त वधू त्याला सोडून तिच्याबरोबर निघते. योगायोग असा, की या मुलीचे नाव रेवती. 'संशयकल्लोळ'मधली, जिच्यापायी कृत्तिकेच्या मनात संशय पेटतो, तीही रेवतीच.

त्या रोजनिशीच्या प्रसंगात मी खुर्चीत आक्रसून बसलो होतो. शेजारच्यांना वाटले, विषयामुळे. विषयामुळेच, पण त्यांना वाटला त्या नव्हे.

मी खाणीच्या कचेरीत टाइमकीपर होतो. हजेरीपट, पाळ्यांच्या तारखा, कोण आला, कोण गेला यात माझी हयात गेली. १९९४ साली, माझ्या सेहेचाळिसाव्या वर्षी, बायकोच्या ट्रंकेत मला पोस्टाचे पासबुक सापडले. मला ठाऊक नसलेले. त्यात चार हजार तीनशे रुपये. ती कमावती नाही, मग पैसे आले कुठून? मला आठवले, की सकाळच्या म्हापशाच्या बसचा कंडक्टर आमच्या दारासमोर गाडी जरा जास्तच थांबवतो. झाले! मी माझ्या रात्रपाळीच्या तारखा काढल्या, पासबुकातल्या तारखांशेजारी मांडल्या, लाल पेन्सिलीने खुणा केल्या. श्रीकांत पंडिताच्या सहा वर्षे आधी, आणि त्याच्यापेक्षा सुबक अक्षरात.

तो कंडक्टर बायकोने ओवलेल्या मोगऱ्याच्या माळांची पाटी म्हापशाच्या बाजारात पोचवत होता. पैसे माळांचे. पासबुकातल्या सगळ्या तारखा मार्च ते मे या महिन्यांतल्या होत्या. लईराईच्या गावात जन्मलेल्या माणसाला मोगरा कधी फुलतो हे समजावे लागत नाही. आमच्या देवीला मोगराच लागतो. पण हातात लाल पेन्सिल असलेल्या माणसाला ऋतू दिसत नाही.

मी त्या तारखांचा कागद तिच्यापुढे ठेवला. तिने तो वाचला, घडी घातली आणि चुलीत टाकला. मी म्हटले, अशी बाई मला घरात नको. त्यावर ती जे बोलली ते तिच्याच भाषेत देतो: "हें घर म्हजेंय. तुमकां नाका जाल्यार तुमी वचात."

मी अकरा रात्री सोप्यावर झोपलो. वैशाखातले डास ज्यांना ठाऊक आहेत त्यांना बाकी काही सांगायला नको. कंडक्टरची हकीकत मला पाचव्या दिवशीच कळली होती. उरलेल्या सहा रात्री मी केवळ लाजेने बाहेर काढल्या. क्षमा मागितली नाही. त्याऐवजी माळांना दोरा आणून दिला. आमच्या पिढीच्या पुरुषांचा तोच माफीनामा.

म्हणून २००१ मध्ये माझा हात वर गेला. बायकांनी 'अस्तित्व' पाहू नये असे वाटून नव्हे. माझ्या बायकोने तो माझ्या शेजारी बसून पाहू नये, म्हणून. उरलेल्या चौघांच्या ट्रंकांत काय होते ते त्यांचे त्यांना ठाऊक.

आता माझे चित्रपटाशीही भांडण आहे, आणि ते वर्षागणिक वाढत चालले आहे. अदिती घर का सोडते?

हा प्रश्न विचारला की सुशिक्षित वाचक दचकतात. म्हणजे तिने तिथेच अपमान गिळत राहावे काय? नाही. पण आपल्या चित्रपटांत दुसरे काही घडलेलेच मला दिसत नाही. १९८२ साली जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'तली सुलभा आश्रमाच्या कामासाठी घराबाहेर पडते. परतते तेव्हा नवऱ्याने दुसरी बाई जवळ केलेली असते. ती पुन्हा बाहेर पडते. स्मिता पाटीलचा तो चेहरा मी विसरलेलो नाही. सुलभेला तिच्या कामाने बोलावले होते, तिच्या जाण्यापुढे मी नम्र आहे. पण इथे बघा: नवऱ्याने बाहेर संबंध ठेवला, घर कोणी सोडले? बायकोने. 'अस्तित्व'मध्ये बायकोकडून चूक झाली, घर कोणी सोडले? बायकोनेच. गुन्हेगार बदलला तरी शिक्षा तीच आणि भोगणारीही तीच. आणि आपण अंधारात डोळे पुसत तिला टाळ्या देतो. ती रस्त्यावर, घर त्याचे, टाळ्या आपल्या.

तशात अदितीच्या नावावर निदान मल्हार कामताची इस्टेट तरी आहे. पाव शतकाहून अधिक काळ तिने तो संसार ओढला, त्यातली एक वीट तिची आहे असे चित्रपट कुठे म्हणत नाही. बाईच्या नावावर काही व्हायचे तर त्यासाठी एक परका पुरुष मरावा लागतो! चित्रपटातली मला सर्वांत न पटलेली गोष्ट ही. लोक भलत्याच गोष्टीवर चिडले.

हीच कथा आमच्या डिचोलीत घडली असती तर? गोव्यात लग्न लागते ते आधी सहीने. नोंदणी कचेरीत दोनदा सह्या होतात, एकदा इरादा सांगायला, एकदा तो पक्का करायला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर त्या क्षणापासून नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. अर्धी त्याची, अर्धी तिची. आणलेली, मिळवलेली, वारशाने आलेली, सगळी. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून हे आले आणि मुक्तीनंतरही टिकले. बायकोच्या सहीवाचून नवऱ्याला घर विकता येत नाही. माझ्या बायकोला हे तिच्या बापाने सहीच्या दिवशीच कचेरीच्या पायरीवर सांगून ठेवले होते. मला कोणी सांगितले नव्हते, सोप्यावर कळले.

गंमत अशी, की याच कायद्याने मल्हार कामताच्या इस्टेटीतला अर्धा वाटा श्रीकांतच्याही पदरात पडला असता. मृत्युपत्रात तो स्पष्ट वगळला नसेल तर. मग त्याने रोजनिशी काढली असती की मोजणीचे कागद, हे ज्याने त्याने आपल्या मनाशी ठरवावे.

त्या संहितेची आरती ओवाळायचा माझा विचार नाही. तीत विभक्त होण्याची जी कारणे दिली होती, त्यांत बायकोचा व्यभिचार नुसता पुरे होता. नवऱ्याचा मात्र चव्हाट्यावर बोभाटा झाला, त्याने बायकोला पार टाकून दिली किंवा ठेवलेली बाई राहत्या घरात आणली, तरच मोजायचा. पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर १९१० च्या घटस्फोट कायद्याने ही तफावत काढली. आपल्याकडे भारतीय दंड संहितेचे ४९७ वे कलम १८६० पासून होते. दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला शिक्षा, पण नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! गाय कोणाच्या दावणीची, एवढाच त्यातला प्रश्न. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले, तेव्हा आमच्या नाक्यावर चर्चा कसली? आता बायका मोकाट सुटणार! त्या कलमात बायकांना शिक्षा कधी नव्हतीच, हे एकालाही ठाऊक नव्हते. दीडशे वर्षे ज्याचा धाक घातला तो कायदा वाचायची तसदी कोणी घेतली नाही.

आणि आता जिच्यासाठी हे लिहायला बसलो तिच्याविषयी. नाव देत नाही, वाडा सांगत नाही. पन्नाशीची बाई, दोन मुलींची लग्ने झालेली. भजनी मंडळात पेटी शिकायला जात होती. नवऱ्याच्या मनात पेटीमास्तरावरून भरले, का भरवले, देव जाणे. २००३ मध्ये एका रात्री तो नको ते बोलला. ही मानी. नेसत्या वस्त्रानिशी निघाली आणि दोडामार्गला भावाकडे गेली. आम्ही सगळे म्हणालो, शाब्बास, कशी ताठ मानेने गेली! त्यात मीही होतो. नुकतेच दोन चित्रपट पाहिल्यासारखे बोलत होतो.

दोडामार्ग आमच्यापासून दूर नाही, पण मध्ये हद्द आहे. हद्दीपलीकडे घर ज्याच्या नावावर त्याचे. पुढे २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्याने बाईला सासरच्या घरात राहण्याचा हक्क मिळाला, मालकीचा नव्हे. भावाने, भावजयीने, शेजाऱ्यांनी तिला त्यांच्याकडची रीत सांगितली: नवऱ्याचे घर सोडलेस, आता तिथे तुझे काय? तिला ते पटले. तिचे लग्न या बाजूला नोंदलेले आहे, अर्ध्या घराची आणि त्या मागच्या भाटाची ती मालकीण आहे, हे तिला सांगायला इथून कोणी गेले नाही. मी गेलो नाही.

२००६ मध्ये खनिजाचे भाव चढले. ट्रक उभे करायला जागा हवी म्हणून ते भाट विकायला निघाले, आणि वकिलाने सांगितले, बायकोची सही पाहिजे. मग तोच नवरा तिला न्यायला दोडामार्गला गेला. रिक्षा करून. तिला वाटले, परत बोलावतो आहे. डिचोलीला कचेरीत नेले, दाखवले तिथे तिने सही केली, आणि संध्याकाळच्या बसला तिला बसवून दिले. तिच्या हाती काय पडले म्हणाल तर बसभाडे.

ती घरातच राहिली असती तर काय झाले असते? भांडणे झाली असती. वेगळी चूल झाली असती. गावाने चार दिवस तोंड वाजवले असते. पण भाट विकायचा दिवस आला तेव्हा तिला त्याच सोप्यावर बसून म्हणता आले असते, "हांव सय करची ना." नवऱ्याचा संशय खरा होता का, असे अजूनही मला लोक विचारतात. मी सांगत नाही. मला ठाऊक आहे, पण सांगत नाही. कारण विचारणाऱ्याला निकाल हवा असतो, आणि संशयाने कोणाचा हिस्सा जात नाही.

हे सगळे शेणामातीचे व्यवहार झाले, प्रेमाचे काय, विश्वासाचे काय, असे कोणी म्हणेल. प्रेमावर लिहिणारे पुष्कळ आहेत. पण ज्या घरात नवरा "चालती हो" म्हणू शकतो आणि बायको म्हणू शकत नाही, त्या घरात विश्वास कोणी कोणावर ठेवायचा, ते आधी सांगा.

आमच्या गावाला विस्तवाची सवय आहे. वैशाख शुद्ध पंचमीला लईराईची जत्रा भरते, रात्री होमकुंड पेटते आणि हजारो धोंड निखाऱ्यांवरून चालून जातात. २०२५ च्या मे महिन्यात याच जत्रेत चेंगराचेंगरी होऊन माणसे गेली. त्या दुःखाविषयी लिहिण्याची ही जागा नव्हे. मला सांगायची आहे ती आख्यायिका. देवी रागाच्या भरात भाऊ खेतोबाला लाथ मारते, आणि मग पश्चात्तापाने स्वतःच विस्तवातून चालते. कोणी तिला तसे फर्मावलेले नसते. तिच्या चारित्र्याचा प्रश्न नसतो. तिने केलेल्या अन्यायाचा असतो. रामायणातला विस्तव सगळ्यांच्या जिभेवर, आणि आमच्या दारातला हा विस्तव, ज्यावरून अन्याय करणारा स्वतः चालतो, तो आम्ही वर्षातून एक रात्र पाहतो आणि घरी येऊन बायकोच्या ट्रंका उघडतो.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी बायकोला विचारले. पासबुकाची गोष्ट लिहू का? ती पाखडत होती. म्हणाली, "बरयात. पूण पयशे कितले आशिल्ले तेंय बरयात. लोकांक दिसतलें दोनशें-तीनशें आसतले." म्हणून आकडा वर दिला आहे.

यंदा पाडव्याला वाड्यावर पुन्हा 'संशयकल्लोळ' घ्यायचे घाटते आहे. फाल्गुनराव तरुण पोरगा करणार आहे, मला तालमीला बोलावले आहे. मी मंडळाला लेखी कळवले आहे, की येईन, पण आदल्या रात्री त्याच मांडवात 'अस्तित्व' दाखवायचा, सर्वांसमोर, आणि पहिल्या दोन रांगा बायकांसाठी ठेवायच्या. शिवाय मध्यंतरात नोंदणी कचेरीतल्या त्या दोन सह्यांचा अर्थ कोंकणीतून समजावून सांगायला कोणा वकील बाईला बोलवायचे. पत्र देऊन तीन आठवडे झाले. कार्यकारिणीची बैठक दोनदा तहकूब झाली आहे.